वीस संगणकांआधीचा एक

सोवेतबेक,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळी. ओशमध्ये फार उकडतंय, नातवाला दात आले, आणि थोरल्या बहिणीला विचारावं तसं, एजे, तुमचा गुडघा कसा आहे. गुडघा होता तसाच आहे, तो कुठे जाणार? तुझ्या मुलीनं फोनवर सांगितलं की तू नातवाच्या खेळण्यातल्या मोटारी उघडून बसतोस आणि पुन्हा जोडून देतोस. ऐकून बरं वाटलं. माणूस रिकामा बसला की बिघडतो, आणि तुला दुरुस्त करणारं तिथे कोणी नाही.

आता कामाचं सांगते. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या अंकात प्रत्येकानं एका माणसाबद्दल लिहायचं असतं. बाकीचे आपापल्या आजोबांवर लिहितात. सगळे आजोबा उंच होते आणि सगळ्यांकडे पांढरा घोडा होता. मी तुझ्याबद्दल लिहिणार आहे. विचारलं तर तू नको म्हणशील, म्हणून विचारत नाही. वाचणाऱ्यांना तू कोण हे ठाऊक नाही, तेव्हा इथून पुढे तुला 'तो' म्हणते. रागावलास तरी ओश लांब आहे.

तर, सोवेतबेक आमच्या गल्लीतला, तिसऱ्या घरातला. बापानं सोविएत देशाच्या उत्साहात हे नाव ठेवलं. पुढे तो देश गेला, नाव राहिलं. सव्वीस वर्षं त्यानं आमच्या काराकोल गावच्या टेलिफोन केंद्रात काम केलं. दारातून आत येतानाच नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, यंत्रांच्या तिसऱ्या रांगेत काहीतरी अडकलंय. एक दिवस त्या सगळ्या रांगा काढून तिथे कपाटाएवढी एक पेटी ठेवली गेली, आणि सोवेतबेकला भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं गेलं. घड्याळ पहिल्याच आठवड्यात बंद पडलं. त्यानं ते उघडून चालू केलं आणि म्हणाला, "निदान एक काम तरी सोबत दिलं."

संगणक तो पंचेचाळिशीनंतर शिकला, एका फाटक्या रशियन पुस्तकावरून आणि उघडून उघडून. बाजारात एका लोखंडी कंटेनरमध्ये त्याचं दुकान होतं. वर पाटी नव्हती. दोन शब्दांत त्याचा व्यवहार आटपायचा. मशीन बघितलं की एकतर "होईल", नाहीतर "होणार नाही". 'बघतो', 'प्रयत्न करतो' असलं काही तो बोलायचा नाही. मला तो आवडायचा तो यासाठीच. आयुष्यभर मी 'बाई, प्रयत्न करतो' म्हणणाऱ्या पोरांना रसायनशास्त्र शिकवलं आहे.

बायको लवकर गेली, मुलगी लग्न होऊन ओशला. घरात तो, अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई बातमा आपा आणि एक गाय.

मी सांगते ती गोष्ट आठ वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरमधली. शाळेतले वीस संगणक इतके मंद झाले होते की पान उघडेपर्यंत तास संपायचा. मुख्याध्यापक असनकुल जुमाबायेविच यांच्यासमोर दोन माणसं होती. बाजारातला एर्मेक म्हणत होता, हे सगळे फेका, माझ्याकडून नवे घ्या. एर्मेकचं दुकान काचेचं, आत निळे दिवे. सोवेतबेक म्हणत होता, फेकायचे कशाला? आत मेमरीची एकच पट्टी आहे, प्रत्येकात आणखी एक, मोठी, घालू, पाच वर्षं चालतील.

मुख्याध्यापक सावध माणूस. ते म्हणाले, "कादिरोव्नांना निवृत्त होताना शाळेनं दिलेला संगणक याच खेपेतला आहे. त्यांच्याकडे करून दाखवा. शनिवारी चार वाजता मी चहाला येतो. चालला तर वीसही तुमचे, आणि पुढची देखभालही."

कादिरोव्ना म्हणजे मी. सोवेतबेक म्हणाला, "होईल."

हे काम मिळणं त्याच्यासाठी किती मोठं होतं ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. कंटेनरमध्ये गिऱ्हाईक येत नव्हतं. त्याच्या मेव्हण्यानं मॉस्कोतल्या भाजीच्या गोदामात त्याच्यासाठी जागा ठरवून ठेवली होती आणि रविवारच्या बसमध्ये एक आसनही. छप्पन्नाव्या वर्षी बटाट्याची पोती उचलायची, दहाजणांच्या खोलीत झोपायचं, आणि इथे म्हातारी आई एकटी. शाळेचं काम मिळालं तर राहायचं, नाहीतर बस.

गुरुवारी बिश्केकहून गाडीवाल्याच्या हाती मेमरीची पट्टी आली. शुक्रवारी सकाळी सोवेतबेक ती रुमालात गुंडाळून माझ्याकडे आला. जोडे काढले, टेबलावरचा माझा विणलेला कपडा घडी करून बाजूला ठेवला, संगणकाचं झाकण उघडलं आणि आतली धूळ बघून मला म्हणाला, "एजे, यात बटाटे लावता येतील."

"तू तुझं काम कर. धूळ माझी आहे."

नवी एकटी चालते का ते आधी बघायला जुनी पट्टी काढली, तिच्या जागी नवी बसवली. पट्टी दोन्ही टोकांना धरायची, सोनेरी कडेला बोट लागू द्यायचं नाही, हे तो कुराणाला हात लावावा तसं पाळायचा. टक् असा आवाज झाला. बटण दाबलं.

पंखा फिरला, हिरवा दिवा लागला. पडदा काळाच. आणि आतून लांबलचक शिट्ट्या. एक, मग थांबून दुसरी, मग तिसरी.

त्यानं मशीन बंद केलं. नवी काढून जुनी पट्टी तिच्या मूळ जागी घातली. कालपर्यंत याच पट्टीवर मी पत्रं लिहीत होते. बटण दाबलं. पडदा काळा, तशाच शिट्ट्या.

"आता?" मी विचारलं.

"चहा," तो म्हणाला.

चहा संपवून तो उठला. मग कामाला लागला. पडद्याची तार बदलून बघितली. विजेचा डबा मीटर लावून मोजला. बोर्डावरची गोल बॅटरी काढून पाच मिनिटांनी परत घातली. डिस्क सोडवली, सगळ्या तारा सोडवल्या. काहीही सुटं केलं तरी पडदा काळा तो काळाच. दुपारपर्यंत माझ्या टेबलावर त्या मशीनची आतडी पसरली होती.

आमच्या गल्लीत बातमी जायला फोन लागत नाही. दुपारी एर्मेक स्वतः हजर. दारातूनच, थोरल्या भावाला हाक मारावी तसं, म्हणाला, "आके, ऐकलं की मशीन गेलं?"

"गेलं नाही. इथेच आहे."

एर्मेकनं आत वाकून बघितलं, शिट्ट्या ऐकल्या, डॉक्टरसारखी मान हलवली. "बोर्ड जळला. जुन्या मशीनला नवी पट्टी झेपत नाही. मी तेव्हाच म्हणालो होतो. माझ्याकडे एक बोर्ड आहे, उद्या घेऊन येतो. मुख्याध्यापकांसमोर तुमची लाज तरी राहील."

सोवेतबेकनं दोन्ही पट्ट्या काढून हातात धरल्या आणि रिकामं मशीन चालू केलं. पुन्हा शिट्ट्या.

"ऐकलंस? त्याच्या पोटात मेमरी नाही, म्हणून ओरडतोय. नाही हे त्याला कळतंय ना? मग जळला कसा? मेलेला माणूस कधी शिट्टी वाजवतो का?"

"आके, तुम्ही टेलिफोनवाले. यात आवाजावर जाऊन चालत नाही."

"मग तू कशावर जातोस? निळ्या दिव्यांवर?"

एर्मेक हसत गेला. पण जाताना म्हणाला ते मला अजून ऐकू येतं. "रविवारच्या बसमध्ये खिडकीजवळ बसा आके, मागच्या बाजूला हादरे फार."

तो गेल्यावर मी स्पष्टच विचारलं, "बोर्ड खरंच ठीक आहे, की तुला तसं हवंय?"

"ठीक आहे, एजे."

"मग चालत का नाही?"

"ते उद्या सांगतो." जाताना सगळे स्क्रू बशीत ठेवून तो माझ्यावर ओरडला, माझ्यावर, की या बशीत कोणी जॅम वाढला तर बघा.

शनिवारी तो दहा वाजता आला. रात्री झोपला नसावा, पण दाढी केलेली होती. म्हणाला, "काल जे जे तपासलं ते सगळं बरोबर निघालं. म्हणजे जे तपासलं नाही तिथेच आहे."

"काय तपासलं नाहीस?"

"पट्टीची कड. गुरुवारी घरी आल्याबरोबर भिंग लावून बघितली होती, लखलखीत होती. म्हणून काल बघितली नाही."

त्यानं खिशातून शाळकरी पोराचं असतं तसं खोडरबर काढलं आणि जुन्या पट्टीच्या सोनेरी कडेवर घासलं. मी शेजारी बसून सफरचंदं सोलत होते. कोरड्या धातूवर खोडरबर अडखळतं, चिरचिर आवाज येतो. इथे आवाज आला नाही. रबर गुळगुळीत सरकलं.

सोवेतबेक थांबला. मग त्यानं नवी पट्टी खिडकीशी तिरपी धरली. सोन्यावर मेणासारखा पातळ थर होता, त्यावर धूळ बसलेली. त्यानं पट्टी नाकाशी नेली. बराच वेळ नाकाशीच धरली.

मी रसायनशास्त्राची आहे, माझं नाक तरुण आहे. वास टेबलाच्या या बाजूलाही आला. मेंढीच्या शेपटीची चरबी. वितळवलेली, थोडी करपलेली. आमच्या गल्लीत असा करपट वास एकाच घरच्या चरबीला येतो, कारण बातमा आपांची कढई त्यांच्या लग्नातली आहे.

मला सगळं एकदम दिसलं. गुरुवारी संध्याकाळी पट्टी रुमालावर ठेवून हा गाईला चारा घालायला गेला असणार. आईला सांगितलं असणार, आपा, हे इवलंसं बोललं तर मी रशियाला जात नाही. आता नवी वस्तू घरात आली की आपल्याकडे काय करतात? नव्या मोटारीच्या चाकाला चरबी लावतात, नव्या चुलीच्या तोंडाला लावतात. तिला खाऊ घातल्याशिवाय कामाला लावत नाहीत. आणि ज्या वस्तूवर मुलगा घरात राहणार की जाणार ते ठरणार, तिला उपाशी कशी पाठवतील? म्हातारीनं पट्टी उलटसुलट करून बघितली असेल, तोंड कुठे ते शोधलं असेल. सोन्याची कड दिसली. तोंड सापडलं.

गार हवेत ती चरबी घट्ट झाली. नव्या पट्टीनं ती खाचेत नेली, खाचेतून जुन्या पट्टीला लागली. म्हणून जुनीही बोलेना.

सोवेतबेकनं पट्टी खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "एजे, स्पिरिट आहे?"

"रसायनशास्त्राच्या बाईला विचारतोस?"

दोन्ही पट्ट्या आम्ही स्पिरिटनं पुसल्या. प्रश्न खाचेचा होता, तिथे बोट जात नाही. मी नववर्षाच्या एका शुभेच्छापत्राची कड कापली, त्यावर मऊ सुती कपडा ताणून गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवून त्याला दिला. तो एका बाजूनं घालायचा, दुसरीकडून काढायचा. कपडा पिवळट यायचा. नवा कपडा. पुन्हा पिवळट. माझे दोन रुमाल आणि उशीचा अभ्रा त्यात गेला. साडेतीनला कपडा पांढरा आला.

"घाल आता," मी म्हणाले.

"वाळू दे."

"चारला ते येतील!"

"आले तर बसतील. ओलं मशीन चालू करणारा मी नव्हे."

ते पावणेचारलाच आले. सोबत एर्मेक, काखेत बोर्डाचं खोकं. जुमाबायेविचनी उघडं मशीन बघितलं, घड्याळ बघितलं. मी त्यांच्यापुढे पदर सुटलेल्या रोट्या, म्हणजे कत्तामा, लोणी आणि जर्दाळूचा जॅम ठेवला. एर्मेक म्हणाला, "आके, खोकं उघडू का? वेळ कशाला घालवता सगळ्यांचा?"

"तू चहा पी. गार होतोय."

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा सोवेतबेकनं आधी जुनी पट्टी तिच्या जागी घातली, मग शेजारच्या खाचेत नवी. टक्, टक्. आणि बटण मला दाबायला सांगितलं. मी दाबलं. लांब शिट्टी आली नाही. एकच छोटी, चिमणीसारखी. पडदा उजळला आणि वरच्या ओळीत मेमरीचा आकडा आला, आधीच्या तिप्पट.

जुमाबायेविचनी एक पान उघडलं, दुसरं उघडलं, चटचट उघडली. "छान," ते म्हणाले. "मग बिघडलं काय होतं?"

मी तोंड उघडलं होतं. सोवेतबेकनं माझ्याकडे असं बघितलं की मी जॅमचा चमचा तोंडात घातला.

"माझा हात," तो म्हणाला. "गुरुवारी घरी मटण होतं. हात नीट न धुता पट्टीला लावला. चरबी लागली."

एर्मेकला हसू आवरेना. "झालं! ज्याला हात धुता येत नाहीत त्याला वीस मशीनं देणार, जुमाबायेविच?"

मुख्याध्यापकांच्या कपाळावर आठी आली. ती आठी मी ओळखते, त्यांना सातवीत शिकवलंय मी. असं वाटलं की गेलं काम, निघाली बस. आणि हा माणूस शांत. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आईवर गावानं हसावं त्यापेक्षा आपल्यावर हसलेलं त्याला परवडत होतं. त्यासाठी पोती उचलायची तयारीही होती. हे एका क्षणात ठरवलं त्यानं, आणि ठरवताना चेहऱ्यावर काहीही दिसलं नाही.

"दिवसाला किती मशीनं कराल?" जुमाबायेविचनी विचारलं.

"चार. हात धुऊन."

मुख्याध्यापक हसले, पण लगेच सावरले. "ठीक. सोमवारपासून या. पण रोज सकाळी कादिरोव्नांसमोर हात धुवायचे. त्या हो म्हणतील तेव्हाच आत जायचं."

एर्मेकनं खोकं उचललं. मी त्याला कत्तामा बांधून दिला. निळ्या दिव्यांनी पोट भरत नाही.

मग पाच दिवस रोज आठ वाजता शाळेच्या दारात, पोरांच्या देखत, मी छप्पन्न वर्षांच्या सोवेतबेकच्या हातावर तांब्यानं पाणी घालत होते आणि तो साबणानं कोपरापर्यंत हात धूत होता. पोरं खिदळायची, "नखं दाखवा, आके!" तो दाखवायचा. एकदाही त्यानं खरं सांगितलं नाही. बस रविवारीच निघून गेली होती. मेव्हण्यानं फोनवर शिव्या दिल्या, त्या त्यानं शेवटपर्यंत ऐकल्या आणि म्हणाला, "बटाट्यांना माझा नमस्कार."

त्याच आठवड्यात मी बातमा आपांना भेटायला गेले. त्यांनी मला जवळ बसवलं आणि कानात सांगितलं, "झूरा, कोणाला सांगू नको. मीच त्या सोनेरी तोंडाला चरबी लावली होती. नाहीतर कुठलं चालणार होतं?"

"नाहीच," मी म्हणाले. खोटं बोलायला मला फार जड जातं. त्या दिवशी गेलं नाही.

कोपऱ्यात शाळेच्या पट्ट्यांची रिकामी खोकी रचलेली होती, प्रत्येक खोक्याच्या झाकणावर चरबीचं बोट. पट्ट्या शाळेतच राहायच्या, कपाटात, कुलपात. सोवेतबेक रोज संध्याकाळी चार रिकामी खोकी घरी आणायचा आणि आईपुढे ठेवायचा. "हे आजचे, आपा." त्या मनापासून वीसही मशीनं जेवू घालत होत्या. वीसही चालली.

पुढे सहा वर्षं तो त्या शाळेत होता. पोरांना त्यानं मशीन उघडायला शिकवलं. मुलींना आधी, कारण त्यांचे हात हलके. पाटीशिवायचा कंटेनर त्यानं विकला. तिथे आता जोडे मिळतात.

आता पुन्हा तुझ्याशी बोलते, सोवेतबेक.

शाळेचा पहिला पगार झाला त्या दिवशी तू माझ्या दारात आलास. आत यायला तयार नव्हतास. म्हणालास, "एजे, पहिल्या कमाईतून आपाला डोक्याला रुमाल घ्यायचा आहे. पांढरा नको म्हणते, पांढरे म्हाताऱ्यांचे असतात म्हणे. फुलांचा हवा. मला रंगांतलं काही कळत नाही. मंगळवारी बाजारात तुम्ही चला सोबत."

मी हो म्हणाले. मंगळवारी बर्फ पडलं, म्हणून पुढच्या मंगळवारी जायचं ठरलं. पुढच्या मंगळवारी मी गुडघा सांगितला. गुडघा त्या दिवशी ठीक होता. मला गर्दीत जायचा कंटाळा आला होता, हे आज लिहून टाकते. तू नंतर आणखी एकदा विचारलंस, जानेवारीत, आणि मी म्हणाले, थंडी ओसरू दे, घाई काय आहे. फेब्रुवारीत बातमा आपा गेल्या.

रुमालवाली अजून मंगळवारी बसते, लोकरीच्या दुकानाच्या पुढे, डाव्या हाताला. फुलांचे असतात तिच्याकडे. आपण गेलो नाही.